कॅलेंडरच्या कागदावर लिहिलेली आशा
(कुटुंबांसाठी व छोट्या समूहांसाठी अभ्यासपाठ)



आपल्या धर्मग्रामात असा एकही पाडा किंवा आळी नसेल, जिथे एखाद्या घरात दुःख मुक्कामाला आलेले नाही. कुठे अंथरुणाला खिळलेली आई आहे, कुठे नोकरी गेलेला बाप, कुठे परदेशी गेलेल्या मुलाची काळजी, तर कुठे वर्ष उलटले तरी न भरलेली जखम. अशा घरी आपण भेटायला जातो. दोन शब्द बोलतो. बोलायला काही सुचले नाही की ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि चहा घेऊन निघतो. कधीकधी आपण सोबत एखादे पुस्तकही नेतो. चर्चच्या दुकानातून घेतलेले, मुखपृष्ठावर उगवता सूर्य असलेले, ‘आशा’, ‘आनंद’, ‘विजय’ असे शब्द असलेले. ते पुस्तक त्या घरच्या कपाटावर पडून राहते. कोणी वाचत नाही. कधी वाचले तर वाचणाऱ्याला अधिकच एकटे वाटते.

असे का होते? दुःखातून आशा व आनंद सापडल्याची साक्ष देणारी ख्रिस्ती पुस्तके खरोखर उपयोगी पडतात का? पडत असतील तर कोणती, आणि ती कशी वाचावीत? या पाठात आपण याचाच विचार करणार आहोत. हा प्रश्न केवळ वाचनाचा नाही. दुःखात असलेल्या माणसासमोर आपण ख्रिस्ताची साक्ष कशी देतो, याचा हा प्रश्न आहे. चुकीच्या शब्दाने माणूस चर्चपासून दूर जाऊ शकतो आणि योग्य शब्दाने त्याला पुढचा दिवस काढण्याचे बळ मिळू शकते.

१. आधी आशा म्हणजे काय ते पाहू

विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन दैवी सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहेत. विश्वासावर आणि प्रीतीवर प्रवचने पुष्कळ होतात. आशा मात्र मधल्या भावंडासारखी दुर्लक्षित राहते. ‘सगळे ठीक होईल’ असे वाटणे म्हणजे आशा, असा आपला समज झाला आहे. तसे वाटणे हा स्वभाव आहे. काहींना तो जन्मतः असतो, काहींना नसतो. दैवी सद्गुण म्हणजे देवाने दिलेले दान. सगळे ठीक होणार नाही हे दिसत असतानाही देव आपल्याला सोडणार नाही, आपले जीवन त्याच्या हातून निसटणार नाही, या भरवशावर पुढचे पाऊल टाकणे म्हणजे ख्रिस्ती आशा.

ख्रिस्तसभेची शिकवण सांगते की आशेविरुद्ध दोन पापे आहेत. एक निराशा आणि दुसरे फाजील भरवसा. निराशेबद्दल आपण सावध असतो. फाजील भरवसा मात्र भक्तीचा झगा घालून येतो. चर्चच्या बाकांवर कधीकधी झेरॉक्स केलेले कागद सापडतात. ही प्रार्थना इतके दिवस म्हणा, इतक्या प्रती वाटा, म्हणजे अशक्य ते शक्य होईल. नाही वाटल्या तर संकट येईल! ही आशा नव्हे, हा देवाशी केलेला सौदा आहे. काही प्रेरणादायी पुस्तकेही याच मापाची असतात. विश्वास पक्का असेल तर आजार जाईल, कर्ज फिटेल, धंदा वाढेल, असे ती सांगतात. मग ज्याचा आजार गेला नाही त्याने काय समजावे? आपला विश्वासच कमी पडला, असेच ना? आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझे.

म्हणून पुस्तक हाती घेताना पहिली कसोटी ही असावी : लिहिणारा स्वतः त्या अंधारातून गेला आहे का, आणि संकट टळले नाही तरी त्याची आशा टिकली का? या कसोटीला उतरणारी तीन पुस्तके व त्यांचे लेखक आपण पाहू.

२. तुरुंगातले आर्चबिशप

फ्रान्सिस झेव्हियर न्गुएन व्हान थुआन यांचा जन्म १७ एप्रिल १९२८ रोजी व्हिएतनाममधील ह्वे या शहरात झाला. आपल्या ओळखीच्या संत फ्रान्सिस झेव्हियर यांचेच नाव त्यांना मिळाले होते. घराणे मोठे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथोलिक. त्यांच्या पूर्वजांनी श्रद्धेसाठी छळ सोसला होता. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष न्गो दिन दिएम हे त्यांचे मामा. १९६३ साली त्यांची हत्या झाली. व्हान थुआन १९५३ साली धर्मगुरू झाले आणि १९६७ साली न्हा त्रांग धर्मप्रांताचे बिशप.

२४ एप्रिल १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांची सैगॉनचे सहकारी आर्चबिशप म्हणून नेमणूक केली. पुढे त्या धर्मप्रांताची धुरा त्यांच्याकडे यायची होती. अवघ्या सहा दिवसांनी, ३० एप्रिलला, सैगॉन साम्यवादी सैन्याच्या ताब्यात गेले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, आर्चबिशप व्हान थुआन यांना अटक झाली. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. ते तेरा वर्षे बंदिवासात राहिले. त्यांतली नऊ वर्षे एकांत कोठडीत गेली.

सुरुवातीला त्यांना न्हा त्रांगजवळच्या एका गावात नजरकैदेत ठेवले होते. आपल्या लोकांपर्यंत पोहोचायचे कसे, हा विचार त्यांना झोपू देत नव्हता. तेव्हा त्यांना संत पौलाची आठवण झाली. तोही तुरुंगातच होता आणि तिथूनच त्याने मंडळ्यांना पत्रे लिहिली. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाला हाक मारली आणि आईकडून जुन्या कॅलेंडरचे कागद आणायला सांगितले. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर ते रात्री लिहीत. सकाळी तो मुलगा ते कागद घरी नेई आणि त्याची भावंडे त्यांच्या प्रती काढीत. अशा रीतीने ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन महिन्यांत १००१ छोटे विचार लिहून झाले. तेच ‘आशेचा मार्ग’ हे पुस्तक. व्हिएतनाममधून होड्यांतून पळून गेलेल्या निर्वासितांनी ते सोबत नेले आणि पुढे अनेक भाषांत ते छापले गेले.

बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबू या. एका बिशपांकडे सेमिनरी होती, शाळा होत्या, तरुणांचे गट होते, योजना होत्या. सगळे हातून गेले. उरले काय? जुने कागद आणि एक लहान मुलगा. त्यांनी उरलेल्यापासून सुरुवात केली. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेल्या मुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. व्हान थुआन यांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या, तेव्हा त्या पुस्तकाला याच भाकरी-माशांचे नाव दिले.

मार्च १९७६ मध्ये त्यांना एकांत कोठडीत टाकण्यात आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जहाजाने उत्तरेकडे नेण्यात आले. सुमारे पंधराशे कैदी जहाजाच्या तळघरात कोंबलेले होते. कोठडीतल्या एका रात्री त्यांचे मन फार अस्वस्थ झाले होते. माझे धर्मप्रांताचे काम अर्धवट राहिले, देवासाठी उभारलेले सगळे मोडून गेले, असे त्यांना वाटत होते. तेव्हा त्यांना एक गोष्ट उमगली. देव वेगळा आणि देवाची कामे वेगळी. कामे देवाची असली तरी ती देव नाहीत. ती काढून घेतली गेली तरी देव काढून घेतला जात नाही. ती कामे देवाच्या स्वाधीन करून त्यांनी देवालाच निवडले आणि त्यांना शांती लाभली. देवासाठी धावपळ करणाऱ्या आपणा सर्वांना, धर्मगुरूंपासून गायनवृंदापर्यंत, हा धडा लागू पडतो.

तुरुंगातून त्यांनी निरोप पाठवला की पोटाच्या औषधासाठी थोडा द्राक्षरस हवा. भाविकांना अर्थ कळला. पोटाचे औषध असे लिहिलेली छोटी बाटली आली आणि बॅटरीच्या आत लपवलेल्या होस्ती आल्या. रोज तळहातावर द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पुढे छावणीत पन्नास-पन्नास कैदी एकत्र झोपत. रात्री दिवे गेले की ते आडवे झाल्या जागीच वाकून मिस्साप्रार्थना पाठ म्हणत आणि मच्छरदाणीखालून हात घालून शेजारच्या कॅथोलिक कैद्यांना ख्रिस्तप्रसाद देत. उरलेला ख्रिस्तप्रसाद सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाच्या पुड्यांत ठेवला जाई.

त्यांच्या पहारेकऱ्यांना त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती. व्हान थुआन यांनी ठरवले की आपण यांच्यावर प्रेम करायचे. ते त्यांना आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगू लागले, परदेशी भाषा शिकवू लागले. हळूहळू पहारेकरी मित्र झाले. एकाने त्यांना लाकडाचा तुकडा कापून क्रूस करू दिला. तो त्यांनी साबणाच्या वडीत लपवून ठेवला. पुढे दुसऱ्या एका पहारेकऱ्याने विजेची तार आणि पक्कड आणून दिली आणि साखळी करायला स्वतः मदत केली. कार्डिनल झाल्यावरही तोच क्रूस त्यांच्या छातीवर होता.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी, पवित्र मरियेच्या समर्पणाच्या सणादिवशी, त्यांची सुटका झाली. मात्र १९९१ मध्ये ते रोमला गेल्यावर त्यांना मायदेशी परतू दिले नाही. ज्या धर्मप्रांतासाठी त्यांची नेमणूक झाली होती, तिथे त्यांना कधीच काम करता आले नाही. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना प्रायश्चित्तकाळाची तपसाधना देण्यासाठी व्हॅटिकनमध्ये बोलावले. विषय होता आशा. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी कर्करोगाने निवर्तले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या आशेवरील परिपत्रकात त्यांचे उदाहरण दिले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

३. हरलेल्या माणसाची आशा

व्हान थुआन यांची कथा वाचून कोणी म्हणेल, ‘ते मोठे लोक! आपण थोड्याशा त्रासाने कोसळतो.’ ज्यांना असे वाटते त्यांच्यासाठी दुसरे पुस्तक आहे.

फादर वॉल्टर चिझेक हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले, पोलिश खाणकामगाराच्या घरात १९०४ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. रशियातील लोकांची सेवा करण्याच्या ओढीने १९४० साली ते खोट्या नावाने, मजूर म्हणून, सोव्हिएत रशियात शिरले. १९४१ साली त्यांना ‘व्हॅटिकनचा हेर’ ठरवून अटक झाली. मॉस्कोच्या लुबियांका तुरुंगात त्यांनी जवळजवळ पाच वर्षे काढली, बहुतेक एकांतवासात. तिथे घड्याळ नव्हते, प्रार्थनेचे पुस्तक नव्हते. त्यांनी मठातल्यासारखा दिनक्रम आखला : सकाळची प्रार्थना, मनन, मिस्सेच्या पाठ असलेल्या प्रार्थना, बोटांवर जपमाळ, रात्री आत्मपरीक्षण.

तरीही ते हरले. रात्रंदिवस चाललेल्या चौकशीनंतर १९४२ साली त्यांनी खोट्या कबुलीजबाबावर सह्या केल्या. त्यांना पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. कोठडीत परतल्यावर त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. इतकी प्रार्थना केली, तरी ऐन वेळी कोसळलो. देव कुठे होता? या विचारात त्यांना दिसले की आपण देवावर विसंबल्याचे म्हणत होतो, पण खरा भरवसा स्वतःच्या निर्धारावर होता. पुढे निराशेच्या अगदी काठावर असताना गेथशेमनी बागेतल्या प्रभू येशूची प्रार्थना त्यांना नव्याने उमगली आणि त्यांनी स्वतःला पूर्णपणे पित्याच्या हाती सोपवले. त्यानंतर भीती त्यांच्यावर राज्य करू शकली नाही.

पुढे सायबेरियातल्या छावण्या, कोळसा, बर्फ, भूक. १९५५ साली शिक्षा संपली, तरी रशिया सोडता येईना. इकडे त्यांच्या संघाने त्यांना मृत समजून त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केल्या होत्या. अखेर ऑक्टोबर १९६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते अमेरिकेत परतले. १९६४ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात काय घडले ते होते. पण त्यांना वाटले, लोकांना खरे तर ‘तुम्ही कसे तगलात’ हे हवे आहे. म्हणून १९७३ साली दुसरे पुस्तक आले, ‘ही लीडेथ मी’. त्याचे नाव तेविसाव्या स्तोत्रातले आहे. त्यात आपली हार त्यांनी लपवली नाही.

ज्यांनी व्यसनाशी झुंज देऊन पुन्हा पेला हाती घेतला आहे, ज्यांचे लग्न मोडले आहे, ज्यांना आपण देवाला फसवले असे वाटते, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. आपण कोसळलो तिथूनही देव पुढे नेतो.

४. आजारी घरातली आशा

तिसरे पुस्तक आपल्या ओळखीच्या संत तेरेजाचे, म्हणजे छोट्या फुलाचे. तिच्या मूर्तीच्या हातात गुलाब असतात, म्हणून तिचे जीवनही गुलाबाचे असेल असे आपल्याला वाटते. ती साडेचार वर्षांची असताना तिची आई कर्करोगाने वारली. ती मठात गेल्यावर थोड्याच काळात तिच्या वडिलांचे मानसिक संतुलन ढासळले. १८८९ साली त्यांना कॉं शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि ते तिथे तीन वर्षे होते. लोक कुजबुजत. मुलींनी मठात जाऊन बापाला वेडे केले, असेही बोलले जाई. तेच वडील, लुई मार्टिन, आपली पत्नी झेली हिच्यासह १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संत घोषित झाले.

ज्या घरात मनोरुग्ण आहे आणि ते घर शेजाऱ्यांपासून तोंड लपवते, त्या घराने हे लक्षात ठेवावे. मनाचा आजार हे पाप नाही, शाप नाही, विश्वासाची कमतरता नाही.

१८९६ साली, आज्ञापालनाचा गुरुवार संपून उत्तम शुक्रवार लागत असतानाच्या रात्री, तेरेजाला रक्ताची पहिली उलटी झाली. तो क्षय होता. त्यानंतर काही दिवसांत, पुनरुत्थानकाळातच, तिच्या मनावर अंधार पसरला. स्वर्ग आहे हे तिला जाणवेनासे झाले. हा अंधार ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिचा मृत्यू होईपर्यंत बहुधा हटला नाही. ‘एका आत्म्याची कथा’ या तिच्या आत्मचरित्राचा शेवटचा भाग तिने याच अवस्थेत लिहिला. अखेरची पाने तर पेन धरवत नव्हते म्हणून पेन्सिलीने लिहिली. काही जाणवत नसतानाही ती प्रेमाची लहान लहान कामे करीत राहिली. १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची महापंडिता घोषित करण्यात आले, ते अशा अंधारात लिहिलेल्या पानांसाठीसुद्धा.

‘प्रार्थनेत काहीच वाटत नाही, फादर’ असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे. वाटणे म्हणजे विश्वास नव्हे.

५. आपल्या मराठीतले एक पुस्तक

ही तीनही पुस्तके परदेशातली झाली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात आणखी एक पुस्तक असायला हवे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्या आपल्या कॅथोलिक मंडळातल्या नव्हत्या, पण त्यांचे पुस्तक साऱ्या महाराष्ट्राने आपले मानले. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे पतीपासून दूर काढल्यावर पुढे त्याही ख्रिस्ताकडे आल्या, त्या स्वतःच्या पायांनी. घरात पैशाची ओढ कायमची, त्यात पाहुणे आणि पोरकी मुले. पण पुस्तक वाचताना माणूस पानोपानी हसतो. दुःख लपवून नव्हे, दुःखाच्या शेजारी बसून आलेले ते हसू आहे. ख्रिस्ती आनंद कसा दिसतो हे कोणी विचारले, तर हे पुस्तक दाखवता येईल.

६. या पुस्तकांत समान काय आहे?

पहिली गोष्ट : यातला कोणीही दुःखाला चांगले म्हणत नाही. तुरुंग वाईटच होता, क्षय वाईटच होता. देवाने दुःख पाठवले म्हणून आनंद झाला, असे नाही. दुःखातही देव सोबत सापडला म्हणून आनंद झाला.

दुसरी गोष्ट : सर्वांनी लहान गोष्टींपासून सुरुवात केली. कॅलेंडरचा कागद, बोटांवरची जपमाळ, पेन्सिल. मोठे संकट मोठ्या निर्धाराने नव्हे, रोजच्या लहान विश्वासूपणाने ओलांडले जाते.

तिसरी गोष्ट : कोणाचीही आशा एकट्यापुरती राहिली नाही. ती पहारेकऱ्यापर्यंत, शेजारच्या कैद्यापर्यंत, वाचकापर्यंत पोहोचली. स्वतःच्या दुःखातून डोके वर काढून दुसऱ्याकडे पाहिले की आशेला वाट मिळते.

चौथी गोष्ट : हे सर्व संत पौलाच्या शाळेतले विद्यार्थी आहेत. फिलिप्पैकरांस पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिले, आणि तरी त्या छोट्या पत्रात आनंदाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मात्र त्याच पत्राचा दुसरा अध्याय (२:२५-३०) वाचा. एपफ्रदीत नावाचा सहकारी मरणाच्या दारी जाऊन आला, त्याबद्दल पौल लिहितो. तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, हे पौल मोकळेपणाने मान्य करतो. आनंद करा म्हणणारा प्रेषित आपले दुःख लपवत नाही. ख्रिस्ती आनंद आणि अश्रू एका घरात राहू शकतात. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला, आणि थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता!

७. पुस्तक द्यावे कसे?

ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले! म्हणून ताज्या दुःखात पुस्तक नेऊ नका. डबा न्या, औषधे आणून द्या, मुलांना शाळेत सोडा, रात्री इस्पितळात थांबा. पुस्तकाची वेळ नंतर येते, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने.

द्याल ते आधी स्वतः वाचा. ‘हे वाच म्हणजे बरे वाटेल’ असे म्हणू नका. ‘मला यातले अमुक पान आवडले’ एवढेच सांगा. वाचता येत नसेल किंवा इंग्रजी कळत नसेल तर घरातल्या मुलांनी रोज दोन पाने मराठीत समजावून सांगावीत. मुलांनाही त्याचा लाभ होईल.

कोणाला काहीच वाचवत नसेल तर स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे सोबत म्हणा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे तक्रार करण्यास मनाई नाही.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला पुस्तक देऊन मोकळे होऊ नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. धर्मगुरूंनाही कळवा. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. डॉक्टरांच्या हातूनही देवच काम करतो.

८. समूहात चर्चेसाठी प्रश्न

१) ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण कधी वापरतो? ऐकणाऱ्याला त्यातून देव कसा दिसत असेल?
२) देव आणि देवाची कामे यांत मी फरक करतो का? माझे पद किंवा माझी सेवा उद्या गेली तर माझे काय उरेल?
३) आपल्या आळीत असे कोणते घर आहे, जिथे सुरुवातीला सगळे गेले आणि आता कोणी जात नाही?
४) माझ्याजवळ आज ‘कॅलेंडरचा कागद’ कोणता आहे? म्हणजे, लहानशी का होईना, उरलेली कोणती गोष्ट मी देवाच्या हाती देऊ शकतो?

या आठवड्यातील कृती : तिसऱ्या प्रश्नात ज्या घराचे नाव निघेल, तिथे समूहातील दोघांनी जावे. उपदेश करू नये. अर्धा तास बसावे, ऐकावे, आणि पुन्हा कधी येणार तो दिवस सांगून निघावे. सांगितलेल्या दिवशी जावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू गेथशेमनीत भीती अनुभवलीस, क्रुसावर एकटेपणा सोसलास. आमच्या धर्मग्रामात आज जे अंधारात बसले आहेत, त्यांच्याजवळ बस. जे हरले आहेत, त्यांना उचल. ज्यांना काहीच जाणवत नाही, त्यांचा हात सोडू नकोस. आणि आम्हांला असे शेजारी कर, जे कमी बोलतील आणि जास्त वेळ थांबतील. आमेन.